काळ्या वावरात पाईप टाकून पाणी निघते का? आधी खड्डा खोदून पाहा

भाऊ, तुमचा प्रश्न नीट वाचला. समुद्रपूर तालुक्यात नाल्याकाठी ५ एकर काळी जमीन, त्यातले खालचे २ एकर दरवर्षी ऑगस्टपर्यंत पाणी साचून चिभडतात, सोयाबीन पिवळं पडते, तूर तर उभीच जळते. आता एका पाईपवाल्याने सांगितलं की ३०-३० फुटांवर ३ फूट खोल चर मारू, ४ इंची छिद्रवाला पाईप कपडा गुंडाळून टाकू, वरून तीच माती लोटून देऊ, काम झालं. धुऱ्याला, म्हणजे बांधाला लागूनच शाळेचं ग्राउंड आहे, तिथेही तळं होते, पोलीस भरतीची पोरं पावसाळाभर रोडवर धावतात, म्हणून सरपंच म्हणतात दोन्हीचं एकदाच करून टाका. तर टाकू का, असं तुम्ही विचारून राहिले.

जसं सांगितलं तसं टाकू नका. पाईप वाईट नाही, मी २२ वर्षं तेच काम करतो, पण तुमचा खरा प्रश्न पाईपाचा आहे असं मला वाचून वाटत नाही. खरा प्रश्न असा आहे की वरचं पाणी त्या पाईपापर्यंत पोहोचणार कसं.

हे आधी समजून घ्या, कारण इथंच बहुतेकांचा पैसा जातो. पाईप पाणी ओढत नाही. तो मोटर नाही. पाईपाच्या भोवतीची माती पाण्याने पूर्ण भरली, तिच्यात पाणी मावेनासं झालं, की मग ते छिद्रातून आत पडते, तोवर एक थेंब येत नाही. वरून तळं आणि खाली ३ फुटांवर पाईप कोरडा, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. आपली काळी माती म्हणजे फुगणारी चिकणमाती. मे महिन्यात तिला एवढ्या भेगा पडतात की हात कोपरापर्यंत आत जातो, पहिले दोन पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतात, लोकांना वाटते वा, काय निचरा आहे. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि त्यानंतर त्या मातीतून खाली जाणारं पाणी दिवसाला काही मिलिमीटरच्या हिशोबात असते. वर पडून राहिला १०० मिलिमीटर. तर मधल्या ३ फूट बंद मातीतून ते पाईपापर्यंत जाईल कधी, आणि तोवर सोयाबीनच्या मुळ्या वाट पाहतील का?

तुम्ही म्हणाल सांगली-कोल्हापूरकडे तर असेच पाईप टाकून क्षारपड जमिनी सुधारल्या. सुधारल्या, खरं आहे. पण तिकडचं दुखणं वेगळं होतं. तिथं वर्षानुवर्षं उसाला पाणी देऊन देऊन खालची पाण्याची पातळी वर आली, तिच्यासोबत क्षार वर आले. ते पाणी बारा महिने मातीत असते, पाईप त्याला हळूहळू खाली नेतो, दिवसाला १-२ मिलिमीटर निघालं तरी वर्षभरात खूप होते. आपल्याकडे कोरडवाहू सोयाबीनमध्ये ४ दिवसांत आभाळ फाटते आणि त्या ४ दिवसांतच पाणी काढायचं असते. औषध तेच, रोग दुसरा.

म्हणून पहिलं काम खड्डा. या पावसाळ्यात चांगला पाऊस होऊन गेला आणि एक दिवस उघाड मिळाली की खालच्या दोन एकरांत एक आणि वरच्या भागात एक, असे दोन ४ फूट खोल खड्डे घ्या. रुंद नको, पहार आणि फावडं चालेल एवढेच. भोवती मातीची पाळ करा म्हणजे वरचं पाणी आत वाहून येणार नाही, वर टिनाचा पत्रा झाका. खोदताना घाई करू नका, दर अर्ध्या फुटाची माती वेगळी काढून धुऱ्यावर ओळीने मांडा आणि एकेक ढेकूळ हाताने फोडून पाहा. वरची माती चिखल आणि २ फुटांखालची माती जेमतेम ओलसर निघाली, तर पाणी वरच अडकलं आहे, खाली गेलंच नाही. ढेकळात निळसर राखाडी पट्टे, मध्ये गंजासारखे ठिपके, आणि नाकाशी नेलं की सडक्या अंड्याचा वास आला, तर त्या थरात वर्षातले अनेक दिवस हवा जात नाही असं समजा. मग दुसऱ्या दिवशी सकाळी पत्रा काढून पाहा. खड्ड्याच्या तळातून पाणी वर चढलं असेल तर नाल्याची किंवा भूजलाची पातळी वर आली आहे. एकाच बाजूच्या भिंतीतून, तेही चढावाकडच्या, पाझर सुटलेला दिसला तर वरच्या वावरातून किंवा एखाद्या कालव्यातून, तलावातून जमिनीखालून पाणी येते. आणि खड्डा कोरडाच राहिला, बाजूला सोयाबीनमध्ये मात्र घोट्याएवढं पाणी, तर प्रश्न पूर्ण वरचा आहे. तिन्हीचा इलाज वेगळा आहे आणि खर्च तर फारच वेगळा.

तळातून पाणी चढलं तर खोल पाईपाचा उपयोग आहे. चढावाकडून पाझर असेल तर अख्ख्या २ एकरांत पाईपांचं जाळं कशाला, वरच्या धुऱ्याला आडवा एकच खोल चर, त्यात गिट्टी आणि पाईप, आलेलं पाणी तिथंच पकडायचं आणि बाजूने नाल्यात सोडायचं. असं एका चरावर निभावलेलं वावर मला राळेगावकडे मिळालं होतं, मालक चार वर्षं खालच्या कोपऱ्यात उपाय करत होता आणि पाणी येत होतं वरच्या कोपऱ्यातून. खड्डा कोरडा राहिला तर पुढचं सगळं वाचा, कारण तुमच्या वर्णनावरून मला तुमचं वावर याच तिसऱ्या प्रकारचं वाटते. पण खड्डा पाहिल्याशिवाय मी शपथेवर सांगणार नाही.

माझीच चूक सांगतो. वरुड भागात सुरुवातीच्या काळात एका संत्र्याच्या बागेत काम केलं. झाडांना डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग लागलेला, पावसाळ्यात ओळींत पाणी साचायचं. ओळींच्या मधून चर मारले, पाईप टाकला, आणि जी काळी माती निघाली तीच परत लोटली, आज तुम्हाला सांगितलं ना, अगदी तसंच. पहिल्या पावसाळ्यात पाईपाच्या तोंडाशी बादली लावून बसलो तर १५ लिटरची बादली पाऊण मिनिटात भरत होती. मालक खूश, मी खूश. दुसऱ्या पावसाळ्यात त्याच पाईपातून करंगळीएवढी धार, तिसऱ्या वर्षी नुसता ओलावा. खोदून पाहिलं तर पाईप चांगला, छिद्रं मोकळी, पण चरात लोटलेली माती दोन वर्षांत फुगून, दबून पुन्हा बाजूच्या मातीसारखीच घट्ट झालेली. पहिल्या वर्षी पाणी पाईपामुळे निघत नव्हतं, भुसभुशीत चरामुळे निघत होतं. त्या बागेतली किती तरी झाडं पुढच्या दोन वर्षांत गेली आणि ते मला अजून लागते. तेव्हापासून काळ्या मातीत खोदलेली माती पाईपावर परत टाकत नाही.

मग काय टाकायचं? गिट्टी. पण इथं हिशोब करून पाहा. तुमचे २ एकर म्हणजे ८७,१२० चौरस फूट. ३० फुटांवर ओळ घेतली तर २,९०० फूट चर होतो. १ फूट रुंद चरात २ फूट उंच गिट्टी भरायची म्हटली की ५,८०० घनफूट, म्हणजे ५८ ब्रास. पाईपवाल्याने तुम्हाला पाईपाचा भाव सांगितला असेल, गिट्टीचा सांगितला नसेल, कारण तो माती लोटणार होता. तुमच्या भागातला गिट्टीचा भाव आणि ट्रिपचं भाडं लावून पाहा, दोन एकर सोयाबीनला हा खर्च झेपतो का ते तुम्हीच ठरवा. संत्र्याला, भाजीपाल्याला कदाचित झेपेल. सोयाबीनला मला तरी वाटत नाही.

आणखी एक हिशोब. १ एकरावर १ मिलिमीटर पाणी म्हणजे ४,००० लिटरच्या थोडं वर. महसूलवाले ज्याला अतिवृष्टी धरतात तो २४ तासांतला ६५ मिलिमीटर पाऊस म्हणजे एकरी अडीच लाख लिटरच्या वर पाणी. ४ इंची पाईप १०० फुटाला अडीच इंच उतार देऊन टाकला तर पूर्ण भरून वाहताना सेकंदाला साधारण दीड लिटर नेतो, दिवसाला सव्वा लाख लिटर म्हणा. म्हणजे सगळं पाणी सुरळीत पाईपात पडलं तरी एका ओळीला एका एकराची एक अतिवृष्टी काढायला दोन दिवस. सांगायचं काय, तर मोठ्या पावसाचं पाणी जमिनीवरूनच गेलं पाहिजे. जमिनीखालून फक्त उरलेलं काढायचं, जे मातीत बसून मुळ्या गुदमरवते ते.

मुळ्या गुदमरणं हे नुसतं बोलण्यापुरतं नाही. मातीतली पोकळी पाण्याने भरली की एक-दोन दिवसांत हवा संपते. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी काम सोडतात, जमिनीतलं नत्र हवेत उडून जाते, म्हणून पान पिवळं दिसते. आपले लोक लगेच युरिया फेकतात, पाण्यातच. ते पण उडते किंवा वाहते. तुरीचं तर याहून नाजूक, पाण्यात उभी राहिली की मुळकूज पकडते. आधी पाणी उतरू द्या, वाफसा येऊ द्या, मग डवरणी, म्हणजे कोळपणी, मग जे द्यायचं ते.

आता तुमच्या वावरासाठी मी काय करेन ते क्रमाने सांगतो, आणि क्रम बदलू नका.

सगळ्यात आधी तोंड, म्हणजे पाणी शेवटी कुठे पडणार. तुम्ही लिहिलं नाल्याकाठी आहे, चांगलं आहे, पण नाल्याला पूर आला की पाणी कुठपर्यंत चढते ते काठावरच्या झाडाला अडकलेल्या कचऱ्यावरून पाहून ठेवा. पाईपाचं तोंड नाल्याच्या नेहमीच्या पाण्याच्या किमान १ फूट वर पाहिजे. पुरात ते बुडणारच असेल तर तोंडाला एकतर्फी झाकण लावा, नाही तर नाल्याचं पाणीच पाईपातून वावरात येईल. गवंडी वापरतात ती पाण्याची नळी घेऊन लेव्हल काढा, डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका, काळ्या वावरात डोळा हमखास फसवतो. नाला गाळाने भरला असेल तर आधी तो उपसा. नुसता नाला मोकळा झाल्यावर खालचा एकर वाचला असं मी एकदा नाही, बऱ्याचदा पाहिलं आहे. मधे शेजाऱ्याचं वावर असेल तर आधी त्याच्या घरी बसून चहा घ्या आणि बोलून घ्या, त्याच्या वावरात पाणी सोडून मोकळे होऊ नका. आणि उलट, कोणी धुरा टाकून पाण्याची नैसर्गिक वाट अडवली असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करता येतो, फक्त अडथळा झाल्यापासून ६ महिन्यांच्या आत करावा लागतो. बरेच लोक वर्षभर भांडत बसतात आणि मुदत निघून जाते.

दुसरं, वरचं पाणी. तुमच्या वरच्या ३ एकरांचं पाणी खालच्या २ एकरांत उतरते, ते मधल्या धुऱ्याशीच आडवा पाट काढून बाजूने नाल्याला न्या. हे एक काम केलं तरी खालच्या भागाचा भार अर्ध्याहून कमी होईल. मग पेरणी रुंद वरंबा सरीवर, म्हणजे बीबीएफ यंत्राने करा, उताराला थोडी तिरपी, म्हणजे सरीतून पाणी सावकाश चालते, माती वाहत नाही. यंत्र मिळालं नाही तर पेरणीनंतर दर चार-सहा ओळींनी डवऱ्याला दोरी गुंडाळून सरी पाडा, खर्च काहीच नाही. फक्त त्या सऱ्यांचं शेवटचं टोक मोकळं ठेवा. मी किती तरी वावरात पाहतो, सऱ्या सुंदर पाडलेल्या आणि खाली धुऱ्याला जाऊन बंद! पाणी तिथं येऊन उभं राहते.

एवढं करून एक पावसाळा थांबा. खरंच थांबा. बऱ्याच वावरांचं काम इथंच संपते आणि मला पुढचं काम मिळत नाही, चालते मला.

तरीही पाणी उतरल्यावर ८-८ दिवस माती चिखलच राहत असेल, तर जमिनीखाली जा. पण काळ्या मातीत मी आता मोल आणि पाईप जोडीने करतो. मोल म्हणजे काय, तर ट्रॅक्टरच्या मागे एक जाड पातं, त्याच्या खालच्या टोकाला बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा लोखंडी ठोकळा, आणि त्याच्या मागे थोडा मोठा गोळा. पावणेदोन-दोन फूट खोलीवरून हे ओढत नेलं की मातीत उंदराच्या बिळासारखी गोल नळी तयार होते, पाईप नाही, गिट्टी नाही, मातीचीच नळी. पात्याने वरपर्यंत चीर पडते आणि आजूबाजूची माती तडकते, वरचं पाणी त्या तडांतून नळीत उतरते. म्हणजे काळ्या मातीचा जो दोष, चिकटपणा, तोच इथं कामाला येतो. रेताड मातीत अशी नळी टिकणारच नाही. भोपाळच्या केंद्रीय कृषी अभियांत्रिकी संस्थेने काळ्या मातीत सोयाबीनसाठी यावर काम केलं आहे, आपली माती आणि त्यांची माती एकाच जातीची.

तुमचं २ एकरांचं तुकडं साधारण २९५ बाय २९५ फूट धरू. पाईपाच्या फक्त दोन ओळी, दोन्ही उताराला आडव्या, एक मधोमध, एक सगळ्यात खाली. चर ३ फूट खोल, तळाला पाईप, १०० फुटाला अडीच इंच उतार नाल्याच्या दिशेने, आणि तळापासून दीड फूट उंच १०-२० मिलिमीटरची धुतलेली गिट्टी, चुरी अजिबात नको. त्यावर उरलेला दीड फूट माती, म्हणजे वखर-नांगर अडणार नाही. हा चर ५९० फूट होतो, गिट्टी साधारण ९ ब्रास. ५८ कुठे आणि ९ कुठे. मग उताराच्या दिशेने दर १० फुटांवर मोल ओढायचा, तो दोन्ही चरांच्या गिट्टीतून आरपार जातो. मोल पाणी गिट्टीत सोडतो, गिट्टी पाईपात, पाईप नाल्यात. गिट्टी दीड फुटापासून सुरू होते आणि मोल पावणेदोन-दोन फुटांवर आहे, हा मेळ चुकला की सगळं काम वाया, म्हणून मोलवाल्याला खोलीची खूण पात्यावर खडूने करून द्या आणि स्वतः उभे राहा.

पाईपाला कपडा गुंडाळायचा का, हेही तुम्ही विचारलं. चिकण मातीत चांगली गिट्टी असेल तर मी गुंडाळत नाही. बारीक गाळ कपड्यावर लेप धरतो आणि पाणीच बंद होते. पोयट्याची, बारीक रेतीची माती असेल तर कपडा लागतोच, नाही तर पाईप गाळाने भरतो. म्हणजे हे मातीवर आहे, दुकानदाराच्या सांगण्यावर नाही. छिद्रं एकाच बाजूला असलेला कडक पाईप असेल तर छिद्रं खाली ठेवा, लोक वर ठेवतात. पाणी खालून भरत वर येते, छिद्रं खाली असली की ते लवकर आत जाते.

मोल कायमचा नसतो. चांगला बसला तर तीन-चार पावसाळे मी धरतो, काही वावरात एकाच वर्षात मिटलेला पाहिला आहे, मग पुन्हा ओढायचा, पाईप आणि गिट्टी तीच राहते. तो टिकेल की नाही हे ओळखायला घरीच एक परीक्षा करा, पैसे लागत नाहीत. २ फूट खोलीवरचं वाळलेलं वाटाण्याएवढं ढेकूळ घ्या, काचेच्या ग्लासात पावसाचं पाणी घ्या, विहिरीचं किंवा बोअरचं नको, आणि ढेकूळ हळूच आत सोडा. ढवळू नका, ग्लास हलवू नका, खिडकीत ठेवून द्या. ढेकूळ फुटून तळाला चुऱ्यासारखं बसलं आणि वरचं पाणी स्वच्छ राहिलं तर ठीक. पण ढेकळाभोवती दुधासारखं, धुरासारखं पांढुरकं वलय पसरलं आणि दुसऱ्या दिवशीही ग्लास गढूळच राहिला, तर त्या मातीत सोडियम जास्त आहे, ती पाण्यात विरघळल्यासारखी पसरते, आणि त्यात मोलची नळी पहिल्याच पावसाळ्यात बसेल. पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूर, तेल्हारा, शेगाव, त्या खारपाणपट्ट्यात हा ग्लास मी प्रत्येक वेळी पाहतो. तिथं आधी माती परीक्षण, मग गरजेप्रमाणे जिप्सम, वरच्या पाण्याची वाट, आणि मगच बाकी. तुमचा समुद्रपूरचा भाग त्या पट्ट्यात नाही, तरी ग्लास ठेवाच, एका रात्रीचा तर प्रश्न आहे.

थोडक्यात इथपर्यंत: खड्डा, ग्लास, नाल्याची लेव्हल, वरचा पाट, सऱ्या, आणि गरज उरली तरच दोन ओळी पाईप आणि मोल.

आता शाळेचं ग्राउंड. सरपंचांना सांगा की दोन्हीचं एकदाच होणार नाही, आणि वावराच्या पाईपाला ग्राउंडचा पाईप जोडू नका. वावराची माती वर्षातून दोनदा नांगर-वखराने मोकळी होते, ग्राउंडची माती वर्षभर पायांनी, बैलगाड्यांनी, ट्रॅक्टरने, गणपती-दुर्गेच्या मंडपांनी दबलेली असते. तिच्यातून पाणी खाली जातच नाही, मग खाली सोन्याचा पाईप टाकला तरी काय. गावातल्या ग्राउंडचा निचरा ९० टक्के आकारात आहे. मध्यभागी उंच, चारी बाजूंना उतरतं, कासवाच्या पाठीसारखं. ग्राउंड २०० फूट रुंद असेल तर मधून काठापर्यंत १०० फूट, त्याला १ फूट उतार द्या, धावताना पायाला जाणवत नाही आणि पाणी थांबत नाही. चढावाच्या बाजूला आडवा चर, म्हणजे रस्त्याचं आणि शाळेच्या छताचं पाणी ग्राउंडवर येणारच नाही. काठाने उघडी नाली किंवा गिट्टीचा चर, त्यात पाईप टाकला तरी चालेल, तिथं तो कामाचा आहे. आणि काळ्या मातीच्या वर दबाई केलेला चांगला मुरूम ६-८ इंच, रोलर फिरवून. भरतीच्या पोरांना १६०० मीटर धावायला एवढं पुरते. कबड्डी-खोखोचं मैदान त्यातच एका कोपऱ्यात मऊ मातीचं वेगळं, थोडं उंच करून घ्या.

मोठ्या क्रिकेट ग्राउंडवर करतात तसं रेतीच्या बारीक चिरा मारायचं कोणी सुचवेल, म्हणजे दोन-तीन इंच रुंद चिरा, त्यात रेती, खाली गिट्टीचा चर. ते चांगल्या गवताच्या ग्राउंडवर, रोज पाहणारा माणूस असेल तिथं चालते. काळ्या मातीत उन्हाळ्यात त्याच चिरा मोठ्या होतात, रेती खाली बसते, वर खाच पडते आणि पोरांचे घोटे मुरगळतात. मी गावाच्या ग्राउंडवर त्या मारत नाही. आणि चिखलात चार ट्रॅक्टर रेती टाकून कालवायचा प्रकार तर कुणालाच करू देऊ नका, थोडी रेती आणि भरपूर चिकणमाती मिसळली की वाळल्यावर विटेसारखं कडक होते, पावसात पुन्हा चिखलच. रेती टाकायची तर पूर्ण थर टाकावा लागतो, आणि कन्हान नदीची रेती तेवढी घेणं गावाला परवडत नाही. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नागपूरला जामठ्यावर भारत-ऑस्ट्रेलिया टी-ट्वेंटी आठ-आठ ओव्हरची झाली होती, आउटफिल्ड ओलं होतं म्हणून. एवढ्या मोठ्या ग्राउंडलाही वाळायला वेळ लागतो, तर आपल्या शाळेच्या ग्राउंडवर पाऊस उघडल्या दिवशीच धावता यावं अशी अपेक्षा कोणी देऊ नये. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं धावली म्हणजे काम चांगलं झालं.

वेळेचं सांगून थांबतो. मोल सोयाबीन निघाल्यावर ओढतात, ऑक्टोबर शेवट ते नोव्हेंबर. वरची ४-६ इंच माती ट्रॅक्टर रुतणार नाही इतकी वाळलेली आणि २ फुटांवरची माती ओली पाहिजे. ती ओली आहे का हे पाहायला त्या खोलीवरची चिमूटभर माती घेऊन तळहातावर वळा, शेवईसारखी लांब वळी न तुटता झाली तर त्याच आठवड्यात ट्रॅक्टर लावा, तुटली तर उशीर झाला, हाताला चिकटून लगदा झाला तर आठ दिवस थांबा. ट्रॅक्टर ५० एचपीच्या वरचा, आणि चाल माणूस रमत-गमत चालतो तेवढीच. तूर उभी असेल तर तेवढा पट्टा सोडून द्या, तिच्या मुळ्या तोडू नका. पाईपाचे चर मात्र त्याच्या आधी झाले पाहिजेत, म्हणजे ज्या वर्षी हे काम करायचं त्या वर्षी खालच्या दोन एकरांत लवकर येणारं सोयाबीन घ्या आणि तूर वरच्या भागात न्या.

खड्ड्यात दुसऱ्या दिवशी सकाळी किती पाणी होतं, ते कुठून आलं, आणि ग्लास स्वच्छ राहिला की गढूळ, हे तीन मला लिहून पाठवा. मग पाईपाच्या ओळी नेमक्या कुठून न्यायच्या ते सांगतो. तोवर पाईपवाल्याला इसार देऊ नका.